दिसलं नाही की पाहिलंच नाही?

पातळी ५ : वाचन आणि आकलन

वाचण्याआधी

जोडीदाराशी मराठीत बोला. उत्तरं लिहायची नाहीत, फक्त गप्पा मारायच्या.

१. तुमच्या घरापासून सगळ्यांत जवळचा समुद्र, खाडी किंवा तळं कोणतं?
२. पाणी चांगलं आहे की वाईट, हे तुम्ही कशावरून ओळखता? रंगावरून, वासावरून, की आणखी कशावरून?
३. तुमच्या घरी तिसऱ्या, कालवं, खेकडे कोण खातं? ते कुठून आणतात?



आज आपण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडला जाणार आहोत. हा समुद्राचा जमिनीत आत घुसलेला लांबलचक भाग आहे. कोकणातली एखादी खाडी डोळ्यांसमोर आणा, आणि मग ती खूप मोठी, खूप खोल आणि खूप थंड करा. सिएटल शहर याच पाण्याच्या काठी आहे. इथे आयटीत काम करणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच एक.

ओहोटीच्या वेळी इथले लोक बादल्या आणि फावडी घेऊन किनाऱ्यावर जातात. लायसन्स घ्यायचं, वाळू उकरायची आणि तिसऱ्या वेचायच्या. ताज्या तिसऱ्या फुकट मिळताहेत म्हटल्यावर मराठी माणूस मागे राहील का? पण थांबा. बादली भरण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: आज या पाण्यात काय आहे?

१. समुद्रातलं गवत

प्युजेट साउंडचं एक थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर त्यात एक वेगळंच जग दिसतं. कुणी नाण्यासारखं गोल, कुणी सुईसारखं लांब, कुणी मण्यांच्या माळेसारखं एकमेकांना चिकटलेलं. ही सगळी सूक्ष्म शैवालं. पाण्यावर तरंगत राहतात म्हणून त्यांना वनस्पती-प्लवक असंही म्हणतात.

जमिनीवर जे काम गवत करतं, ते समुद्रात ही शैवालं करतात. सूर्यप्रकाश घेऊन ती अन्न तयार करतात. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जो ऑक्सिजन तयार होतो, त्यातला साधारण निम्मा समुद्रातून येतो. लहान जीव शैवालं खातात, त्यांना मासे खातात आणि माशांना आपण खातो. म्हणजे ही शैवालं आपली शत्रू नाहीत. उलट, ती नसती तर समुद्रात खायला काहीच उरलं नसतं.

मग अडचण कुठे आहे? शैवालांच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच जाती विष तयार करतात. ऊन, उबदार पाणी आणि भरपूर पोषक द्रव्यं मिळाली, की कधी कधी अशी एखादी जात भराभर वाढते. तिसऱ्या, कालवं आणि मसल (कोकणात त्यांना शिनाणे म्हणतात) पाणी गाळून खातात. एकेक शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी आपल्या शरीरातून गाळतो. पाणी बाहेर जातं, शैवाल आत राहतं आणि त्याच्याबरोबर विषही साठत जातं. शिंपल्यातल्या जिवाला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो खाणाऱ्याला.

२. दिसतं तसं नसतं

मराठीत म्हण आहे: दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. या पाठासाठीच ती तयार केली असावी असं वाटतं.

प्युजेट साउंडमध्ये कधी कधी पाण्यावर मोठेमोठे नारिंगी पट्टे दिसतात. टोमॅटोचं सार सांडल्यासारखे! लोक घाबरतात, फोटो काढतात, फोन करतात. हे काम बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचं असतं. हा जीव माणसाला विषबाधा करणारं विष तयार करत नाही. काही ठिकाणी हाच नॉक्टिल्युका रात्री लाटांमध्ये निळा चमकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्या, तेव्हा त्याचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तुमच्या एखाद्या मावशीने तेव्हा व्हॉट्सॲपवर व्हिडिओही पाठवला असेल.

आता याच्या उलट बघा. ॲलेक्झांड्रियम नावाचं शैवाल सॅक्सिटॉक्सिन हे विष तयार करतं. ते पाण्यात असताना पाणी अगदी नितळ दिसू शकतं. विषारी शिंपल्याला वेगळा वास येत नाही, चव बदलत नाही. आणि नीट लक्षात ठेवा: शिजवून, तळून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून हे विष जात नाही. मसाला कितीही चांगला असला तरी नाही.

हे विष पोटात गेलं की आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातापायांना मुंग्या येतात. विष जास्त असेल तर श्वास घेणारे स्नायूच थांबतात. यावर उतारा नाही. लगेच हॉस्पिटलमध्ये नेऊन, श्वास चालू ठेवून माणसाला वाचवावं लागतं.

ही गोष्ट नवी नाही. १७९२ साली जॉर्ज व्हँकूव्हर नावाचा इंग्रज कप्तान या भागात नकाशे काढत होता. आपला अधिकारी पीटर प्युजेट याचं नाव त्यानेच इथल्या पाण्याला दिलं. पुढच्या वर्षी, जून १७९३ मध्ये, तो आणखी उत्तरेला, आजच्या कॅनडाच्या किनाऱ्यावर होता. तिथे त्याच्या काही खलाशांनी सकाळी न्याहारीला मसल भाजून खाल्ले. काही तासांत अनेक जण आजारी पडले आणि जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी मरण पावला. आजही तिथल्या नकाशावर कार्टर बे आणि पॉयझन कोव्ह, म्हणजे 'विषाची खाडी', ही नावं आहेत.

दुसरी घटना १९८७ सालची. कॅनडाच्या पूर्व टोकाला प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं बेट आहे. तिथले मसल खाऊन शंभरहून जास्त लोक आजारी पडले आणि तीन जण दगावले. काही जणांचं शरीर बरं झालं, पण स्मरणशक्ती परत आली नाही. आताच काय घडलं हे त्यांना आठवेना. शास्त्रज्ञांनी कामाला लागल्यावर पाच दिवसांच्या आत विष शोधून काढलं: डोमोइक ॲसिड. ते तयार करणारं शैवाल होतं सुईसारखं दिसणारं स्यूडो-नित्शिया. तोपर्यंत या शैवालावर विषासाठी कुणी लक्ष ठेवत नव्हतं, कारण ते माणसाला अपाय करू शकतं हेच माहीत नव्हतं.

३. धक्क्यावरची सकाळ

मग लक्ष ठेवणार कोण? किनारा शेकडो मैलांचा, शास्त्रज्ञ मोजके. म्हणून २००६ साली वॉशिंग्टन राज्यात 'साउंडटॉक्सिन्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात शास्त्रज्ञांबरोबर शिंपल्यांची शेती करणारे लोक, इथल्या मूळ रहिवासी जमाती आणि साधे स्वयंसेवक काम करतात. प्रत्येकाची जागा ठरलेली. हंगामात दर आठवड्याला तिथे जायचं, पाणी घ्यायचं, तपासायचं आणि नोंद करायची.

समजा, तुम्ही अशा एका स्वयंसेवकाबरोबर धक्क्यावर गेलात. काय काय कराल?

आधी पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजाल. क्षारता म्हणजे पाणी किती खारट आहे ते. हवा कशी आहे तेही लिहाल.

मग जाळं सोडाल. हे मासे पकडायचं जाळं नव्हे. हे बारीक कापडाचं, नरसाळ्याच्या आकाराचं असतं आणि त्याच्या टोकाला बाटली असते. अशा जाळ्याचं भोक सहसा २० मायक्रॉनचं असतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे या भोकातून तुमचा केससुद्धा जाणार नाही. जाळं पाण्यातून हळूहळू ओढलं की पाणी निघून जातं आणि शैवालं बाटलीत गोळा होतात. बाटलीतलं पाणी बघा. बहुतेक वेळा ते फिक्या चहासारखं दिसेल.

त्यानंतर मायक्रोस्कोप. चार नावं मुख्यतः शोधायची:

– ॲलेक्झांड्रियम: गोलसर पेशी, कधी एकट्या, कधी माळेसारख्या ओळीत.
– स्यूडो-नित्शिया: सुया टोकाला टोक लावून जोडल्यासारख्या.
– डायनोफिसिस: अंडाकृती, वरच्या बाजूला कॉलर असल्यासारखा.
– हेटेरोसिग्मा: अगदी छोटा, कॉर्नफ्लेकसारखा. हा मुख्यतः माशांना मारतो, सामन माशांच्या शेतीचं मोठं नुकसान करतो.

शेवटी, कोण दिसलं आणि किती दिसलं, हे तक्त्यात भरायचं. धोक्याचं शैवाल वाढताना दिसलं, तर ती खबर राज्याच्या आरोग्य खात्याकडे जाते. खात्याचे लोक त्या भागातले शिंपले लॅबमध्ये तपासतात. १०० ग्रॅम मांसात सॅक्सिटॉक्सिनसारखी विषं ८० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली, तर तो किनारा शिंपले वेचायला बंद होतो. किनारा बंद करायचा निर्णय स्वयंसेवकाचा नसतो. पण आधी कुठे बघायचं, हे तो सांगतो.

४. शून्याची किंमत

आता खरी गोष्ट सांगतो. हे काम बहुतेक दिवशी अगदी कंटाळवाणं असतं.

पाऊस पडतोय, बोटं गारठली आहेत, अर्धा तास मायक्रोस्कोपला डोळा लावून मान दुखतेय, आणि चारपैकी एकही नाव दिसत नाही. तक्त्यात लिहायचं काय? शून्य, शून्य, शून्य, शून्य. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तुम्हाला वाटेल, यात काय मिळवलं?

माझं रोजचं काम सर्व्हरवर लक्ष ठेवायचं आहे. आमच्याकडे प्रत्येक यंत्र दर मिनिटाला 'मी ठीक आहे' असा निरोप पाठवतं. हे निरोप कुणी कौतुकाने वाचत नाही. पण निरोप यायचे थांबले की आम्ही धावतो, कारण निरोप नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. निरोप नाही म्हणजे काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही.

पाण्याचंही तसंच. तक्त्यातलं शून्य सांगतं, 'मी पाहिलं आणि ते नव्हतं.' रिकामी चौकट सांगते, 'कुणी पाहिलंच नाही.' दोन्ही ठिकाणी शैवालाचं नाव नाही, पण अर्थ किती वेगळा! दहा आठवडे शून्य असेल आणि अकराव्या आठवड्यात पाच पेशी दिसल्या, तर आपल्याला कळतं की काहीतरी बदलतंय. आधीची दहा शून्यं नसती, तर त्या पाच पेशींचा अर्थ लागला नसता. 'नेहमीचं' काय ते माहीत असेल, तरच 'वेगळं' ओळखता येतं.

म्हणून स्वयंसेवकाचा सगळ्यांत मोठा गुण हुशारी हा नाही. प्रामाणिकपणा हा आहे. एखाद्या आठवड्यात ताप आला, गाडी बंद पडली, घरी पाहुणे आले, जाणं जमलं नाही. होतं असं. तेव्हा चौकट रिकामी ठेवायची. 'मागच्या आठवड्यात नव्हतं, याही आठवड्यात नसेल' असं म्हणून शून्य भरायचं नाही. रिकामी चौकट बघून कुणीतरी दुसरा माणूस तपासायला जाईल. खोटं शून्य बघून कुणीच जाणार नाही, आणि त्याच वेळी किनाऱ्यावर एखादं कुटुंब बादली भरत असेल.

कधी कधी पाहणाऱ्यांनाही नवं काही शिकावं लागतं. २०११ साली या भागातल्या सेक्विम बे इथले मसल खाऊन तीन जणांची पोटं बिघडली. कारण होतं डायनोफिसिसचं विष. वॉशिंग्टन राज्यातली अशा आजाराची ही पहिली नोंद. त्यानंतर राज्याने या विषाचीही नियमित तपासणी सुरू केली. आपण जे शोधतो तेच सापडतं, म्हणून काय शोधायचं याची यादीही मधूनमधून तपासावी लागते.

५. आणि तुम्ही?

तुम्ही सिएटलजवळ राहत असाल, तर शिंपले वेचायला जाण्याआधी आई-बाबांना आरोग्य खात्याचा नकाशा उघडायला सांगा. कुठला किनारा चालू आहे आणि कुठला बंद, हे त्यावर दिसतं. 'मागच्या महिन्यात इथलेच खाल्ले होते, काही झालं नाही' हे कारण चालणार नाही. काही जातींमध्ये विष काही आठवड्यांत निघून जातं, पण बटर क्लॅम नावाच्या तिसरीत ते वर्षभर किंवा त्याहून जास्त राहू शकतं.

खेकड्यांबद्दलही एक गोष्ट घरी सांगा. खेकड्याच्या पोटातल्या भागात हे विष साठू शकतं आणि उकळताना ते रश्शात उतरतं. म्हणून इथले खेकडे आधी साफ करायचे, पोटातला भाग टाकून द्यायचा आणि मग रस्सा करायचा. आजी म्हणेल, 'अगं, सगळी चव तर त्यातच असते!' तिला हा पाठ वाचून दाखवा.

दुसरीकडे राहत असाल, तरी हा विषय तुमचा आहेच. अमेरिकेच्या इतर किनाऱ्यांवर 'नोआ' या सरकारी संस्थेने २००१ साली प्लवकांवर लक्ष ठेवणारं स्वयंसेवकांचं जाळं सुरू केलं. त्यात शाळांच्या वर्गांनीसुद्धा भाग घेतला आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कारेनिया नावाचं शैवाल वाढलं की नुसत्या वाऱ्यानेही लोकांना खोकला येतो. आखातात राहणाऱ्यांनी मोठ्या माणसांना २००८-०९ बद्दल विचारा. तेव्हा लाल शैवालामुळे मासे मेले आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे काही कारखाने बंद ठेवावे लागले. नळाच्या पाण्याचा आणि शैवालाचा संबंध असा असतो!

भाषेची गंमत

या पाठातली मुख्य गोष्ट मराठीत फार सोप्या रीतीने सांगता येते. ही दोन वाक्यं बघा:

मला शैवाल दिसलं नाही.
मी शैवाल पाहिलं नाही.

पहिल्या वाक्यात तुम्ही बघत होता, पण ते नजरेस पडलं नाही. दुसऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की तुम्ही बघितलंच नाही. 'पाहणे' हे आपण करतो. 'दिसणे' हे आपोआप होतं. म्हणून 'मी पाहिलं', 'तिने पाहिलं'. पण 'मला दिसलं', 'तिला दिसलं'.

अशा आणखी जोड्या: शोधलं नाही / सापडलं नाही. ऐकलं नाही / ऐकू आलं नाही.

रिपोर्टमध्ये 'आढळलं नाही' असं लिहितात. त्याचा अर्थ: नीट शोधलं, पण मिळालं नाही. म्हणजेच, शून्य.

शब्दार्थ

ओहोटी – समुद्राचं पाणी किनाऱ्यापासून मागे जाणं (उलट: भरती)
नितळ – स्वच्छ, आरपार दिसणारं
बधिर – ज्याला स्पर्श कळत नाही असं
उतारा – विषावरचं औषध
दगावणे – आजाराने किंवा अपघाताने मरण येणे
धक्का – बोटी लागण्यासाठी पाण्याकाठी बांधलेली जागा (या शब्दाचा दुसरा अर्थ शोधा!)
नरसाळं – अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल ओतायला वापरतात ते
गारठणे – थंडीने आखडणे

प्रश्न

१. शिंपल्यांमध्ये विष कसं साठतं? तीन वाक्यांत सांगा.
२. नारिंगी पाणी आणि नितळ पाणी यांची उदाहरणं लेखकाने एकापाठोपाठ एक का दिली असतील?
३. तक्त्यातलं शून्य आणि रिकामी चौकट यांत फरक काय?
४. खोटं शून्य रिकाम्या चौकटीपेक्षा जास्त धोकादायक का? तुमचं मत लिहा.
५. रिकाम्या जागी 'दिसणे' किंवा 'पाहणे' याचं योग्य रूप भरा:
 अ) ढग होते, म्हणून आम्हाला चंद्र ______ नाही.
 आ) तो सिनेमा मी अजून ______ नाही.
 इ) आजीने चष्मा लावून सगळं घर शोधलं, पण तिला किल्ली ______ नाही.
 ई) काल ती धक्क्यावर गेलीच नाही, म्हणून तिने पाणी ______ नाही.

उपक्रम : चार आठवड्यांची वही

घराजवळची एक जागा निवडा. तळं, ओढा, समुद्रकिनारा, काहीही चालेल. पाणी जवळ नसेल तर एखादं झाड किंवा खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडा घ्या. पाण्याजवळ जाताना मोठं माणूस बरोबर हवं.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी तिथे जा. तारीख, हवा, पाण्याचा रंग आणि तिथे दिसलेले प्राणी-पक्षी मराठीत लिहा. एक गोष्ट मुद्दाम शोधायची ठरवा, उदाहरणार्थ बदक. ते नसेल तर लिहा: 'बदक दिसलं नाही.' जाणं जमलं नाही तर लिहा: 'या आठवड्यात पाहिलं नाही.' दोन्ही उत्तरांना सारखेच गुण आहेत. खोट्या उत्तराला मात्र गुण नाहीत.

चार आठवड्यांनी वही वर्गात आणा. तुमच्या जागेवर 'नेहमीचं' काय असतं, हे आम्हाला तुम्ही सांगायचं आहे.